टाकीचा हिशेब सोपा, जमिनीचा अवघड

सेप्टिक टँक बांधायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: "पाच माणसांना किती लिटरची लागेल?" याचं उत्तर चार ओळींत मिळतं. खरी मेख आहे ती टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमीन रोजच्या रोज पिणार का, यात. कारण टाकी पाणी शुद्ध करत नाही. जड मैला खाली बसू देते, तेलकट साय वर अडवते आणि मधलं पाणी पुढे सोडते. हे पाणी वरवर बरं दिसलं, तरी जंतूंनी भरलेलंच असतं.

आधी टाकीचं उरकू. पाच माणसं, माणशी 120 लिटर, म्हणजे दिवसाला 600 लिटर. गाळाने जागा अडवल्यावरही पाणी किमान 24 तास टाकीत थांबलं पाहिजे. पण सकाळी आंघोळी आणि कपडे धुणं एकदमच चालू असतं, म्हणून दीड दिवस धरलेला बरा: 900 लिटर. गाळ आणि साय मिळून माणशी वर्षाला साधारण 40 लिटर साचतात. तीन वर्षांनी उपसा करायचा, तर 5 × 40 × 3 = 600. एकूण 1500 लिटर. दोन मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा. थंड हवेत गाळ हळू कुजतो, तिथे गाळाची जागा वाढवा. माणसं मोजताना आज राहणारी नव्हे, घरात मावणारी मोजा.

टाकी चौरस नको, लांबट हवी; नाहीतर आलेलं पाणी सरळ बाहेरची वाट धरतं. आडवी भिंत घालून पहिला कप्पा दोन तृतीयांश ठेवा, भिंतीतली भोकं पाण्याच्या मध्यावर. आत येणाऱ्या पाइपपेक्षा बाहेर जाणारा पाइप 5 ते 7 सेंटिमीटर खाली. आणि दोन्हीकडे टी, म्हणजे T आकाराचा पाइपचा जोड, बसवलाच पाहिजे. बाहेरच्या बाजूचा टी गाळला की साय थेट पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरात जाते, आणि सायीने बुजलेला चर पुन्हा मोकळा होणं कठीण.

आता जमीन. चराचा तळ जिथे येणार, त्या खोलीपर्यंत 15 ते 30 सेंटिमीटर व्यासाचा खड्डा घ्या. बाजू खरवडा, तळाशी 5 सेंटिमीटर खडी टाका आणि रात्रभर पाणी मुरू द्या. ही पायरी गाळली की कोरडी माती पाणी ढसाढसा पिते आणि आकडा फसवा येतो. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर 15 सेंटिमीटर पाणी भरून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. एका खड्ड्यावर विसंबू नका, तीन-चार ठिकाणी बघा.

जुनं सूत्र असं: 204 ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं, की चौरस मीटरला दिवसाचे लिटर येतात. 25 मिनिटं लागली तर 204 ÷ 5, म्हणजे सुमारे 41. आपल्या 600 लिटरना 14.7 चौरस मीटर. माझ्या मते हे सूत्र फार उदार आहे. काही महिन्यांत चराच्या तळाशी जंतूंचा काळा, बुळबुळीत थर धरतो आणि पाझर मंदावतो. म्हणून दीडपट करा: 22 चौरस मीटर. चर 60 सेंटिमीटर रुंद असेल तर जवळजवळ 37 मीटर लांबी, म्हणजे साडेबारा मीटरचे तीन चर, मध्ये दोन मीटर अंतर. बाजूच्या भिंती हिशेबात धरू नका. तेवढीच आणखी जागा राखून ठेवता आली तर उत्तम. 60 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर चराचा नाद सोडा आणि दुसरी पद्धत शोधा. पाणी झटकन उतरत असेल तर तेही वाईटच: न गाळलेलं पाणी थेट भूजलात जातं. चराचा तळ आणि भर पावसाळ्यातली भूजल पातळी यांत किमान सव्वा मीटर माती हवी, आणि विहीर 30 मीटर तरी लांब.

चराचा तळ पाणसळीत, भोकांच्या 100 मिलिमीटर पाइपखाली 15 सेंटिमीटर धुतलेली खडी, वर 5 सेंटिमीटर, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग माती. ओल्या चिकणमातीत खोदकाम केलं की यंत्राचं बकेट बाजू लिंपून टाकतं. माती वाफशावर येईपर्यंत थांबा. टाकीचं पाणी तीन चरांत वाटणाऱ्या चेंबरमधली तीनही तोंडं एकाच पातळीत बसवा. एक जरी 5 मिलिमीटर खाली राहिलं तर सगळं पाणी तिकडेच वळतं. तो चर तुंबतो आणि बाकीचे दोन कोरडे राहतात. गच्चीचं पाणी टाकीत सोडू नका, चरांवर गाडी उभी करू नका.

गाळ पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर आला की उपसा, मग तीन वर्षं झालेली असोत वा नसोत. काठीला पांढरं फडकं गुंडाळून बुडवलं की गाळ कुठवर आहे ते त्याच्या डागावरून कळतं. हे माप वरूनच घ्यायचं. टाकी रिकामी असली तरी आत उतरायचं नाही. तिथला वायू एका दमात माणूस पाडतो.