खिडकीकडची रांग लंडन, दाराकडची बोस्टन

आमच्या इतिहासाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘कारणे द्या’ म्हणायची. नाव सार्थ होतं. १७७६ साली अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं, एवढं फळ्यावर लिहून झालं की सर हातातला खडू खाली ठेवायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, “का?” कोणीतरी हमखास म्हणायचं, “चहावर कर लावला म्हणून.” त्यावर पुढचा प्रश्न तयारच असायचा, “म्हणजे चहा महागला होता का रे?”

महागला नव्हता, उलट स्वस्त झाला होता. मग बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात का ओतल्या?

याचं उत्तर त्यांनी सरळ दिलंच नाही. नववीच्या वर्गात बाकांच्या तीन रांगा होत्या. खिडकीकडची रांग त्यांनी इंग्लंडचं पार्लमेंट केली, दाराकडची बोस्टन आणि मधली अटलांटिक महासागर. लंडनहून निघालेली चिठ्ठी मधल्या रांगेतल्या कोणाच्या तरी कंपासपेटीत जायची आणि दुसऱ्या दिवशीच्या तासापर्यंत तिथेच पडून राहायची. शिडाच्या जहाजाला पलीकडे पोचायला महिना-दीड महिना लागायचा, कधी त्याहून जास्त, म्हणून हा नियम. पहिल्या दिवशी आम्हाला हा पोरखेळ वाटला. पण पुढे पुढे दोन्ही रांगांनी मधल्या सुट्टीत डबेसुद्धा वेगळे खायला सुरुवात केली.

लंडनची पहिली चिठ्ठी अगदी रास्त होती, हे आजही म्हणावं लागतं. फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं. इंग्लंड जिंकलं खरं, पण कर्ज जवळपास दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा थोडा खर्च तिथल्या लोकांनीही उचलावा, एवढंच मागणं. दाराकडून उलट चिठ्ठी गेली : तुमच्या सभागृहात आमचा एकही माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण? हेही रास्तच. दोन्ही चिठ्ठ्या वाचून सर म्हणाले, “दोघंही बरोबर आहेत. आता बघा कसं बिघडतं ते.”

पुढे मी विक्रीकर खात्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे या इतिहासातला मळीचा भाग मला इतरांपेक्षा जवळचा वाटतो. वेस्ट इंडीज बेटांवरून वसाहतींत मळी यायची आणि तिच्यापासून रम गाळली जायची. परक्या बेटांवरच्या मळीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती, पण ती फारसं कोणी भरत नसे. अधिकाऱ्याचे हात ओले केले की माल सुटायचा. १७६४ मध्ये पार्लमेंटनं हा दर निम्म्यावर, ३ पेन्सवर आणला. कागदावर ही सवलतच. पण त्याबरोबर वसुली खरोखरीची सुरू झाली. आरमाराची जहाजं पहाऱ्यावर आली आणि खटले ज्युरी नसलेल्या आरमारी न्यायालयात चालू लागले. दर उतरवून वसुली आवळली तर व्यापारी खूश होत नाही, हे मला खात्यात कोणी शिकवावं लागलं नाही. तो जुन्या दराबद्दल बोलतच नाही, जुन्या सवयीबद्दल बोलतो.

१७६५ चा मुद्रांक कायदा आला तेव्हा सरांनी मला अँड्र्यू ऑलिव्हर केलं. पुढच्या नोकरीची ती नांदीच म्हणायची. ऑलिव्हर हा बोस्टनचा मुद्रांक वाटपाचा अधिकारी. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, जहाजाची कागदपत्रं, इतकंच काय पत्त्यांच्या जोडालाही शिक्क्याचा कागद लागणार होता. कायदा लागू व्हायचा होता १ नोव्हेंबरला. १४ ऑगस्टलाच लोकांनी ऑलिव्हरचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला, रात्री त्याच्या घरात घुसून मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यानं पद सोडायचं कबूल केलं. एक पेनीही वसूल झाली नव्हती. माझ्यावर वर्गात कागदाचे बोळे पडले. बारा दिवसांनी थॉमस हचिन्सनचा वाडा लुटला गेला. गंमत अशी की हा उपगव्हर्नर खाजगीत या कायद्याच्या विरोधात होता. पण जमाव फायली वाचत बसत नाही. क्रांतीच्या पुस्तकांत ही माणसं खलनायकाच्या खान्यात टाकलेली दिसतात. मला ती वरच्या साहेबाचा आदेश खालच्या टेबलावर झेलणारी वाटतात.

१७६६ मध्ये लंडननं मुद्रांक कायदा मागे घेतला. दाराकडची रांग नाचायला लागली. सर म्हणाले, “थांबा, पाकिटात अजून एक चिठ्ठी आहे.” त्याच दिवशी दुसरा कायदा झाला होता : वसाहतींसाठी हवे ते कायदे करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. पैसा सोडला, हक्क सोडला नाही. त्यापुढची दहा वर्षं या एका हट्टाभोवती फिरली, असं सरांचं म्हणणं होतं आणि मला ते अजूनही पटतं.

१७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांवर आयातकर बसला, बहिष्कार पडला, बोस्टनमध्ये फौज उतरली. हा भाग सरांनी अर्ध्या तासात उरकला. पण ५ मार्च १७७० ला पूर्ण तास दिला. त्या संध्याकाळी बोस्टनमध्ये सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली. त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ, चहा सोडून बाकीचे कर रद्द करा, असा प्रस्ताव मांडत होता. सरांनी दोन चिठ्ठ्या दोन बाजूंनी एकदमच सोडल्या आणि मधल्या रांगेतल्या एकाच पोराच्या हातात दोन्ही दिल्या. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. वर्ग हसला, पण फार वेळ नाही.

चहावरचे पौंडभर वजनाला ३ पेन्स ठेवले, तेही हक्क शाबूत राहावा म्हणूनच. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची गोदामं चहानं तुंबली आणि कंपनी कर्जात बुडाली. मग तिला चहा थेट अमेरिकेत पाठवायची मुभा मिळाली. ३ पेन्स धरूनही तो चोरट्या डच चहाला टक्कर देईल इतका स्वस्त पडणार होता. स्वस्त चहा प्यायला म्हणजे कर कबूल केला, असं ते जाळं होतं. शिवाय तस्करांचा धंदा बसणार होता आणि कंपनीच्या मर्जीतले मोजके व्यापारी सोडून बाकीचेही मरणार होते. १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. आमच्या रांगेनं खडूची पेटी महासागरावर उपडी केली.

सर फळ्यावर नेहमी तिसरा रकाना ठेवायचे : पुणे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याला चार महिनेही झाले नव्हते. ज्या उन्हाळ्यात पार्लमेंटनं चहाचा कायदा केला, त्याच उन्हाळ्यात याच कंपनीला वेसण घालायला रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि मुंबईला लढाई-तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली दिलं. तरी मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादांशी सुरतेचा तह केलाच. दूरच्या साहेबाचं न ऐकणं ही फक्त बोस्टनची खोड नव्हती.

चहाच्या उत्तरादाखल लंडननं १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद केलं आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतच हात घातला. खिडकीवाल्यांचा डाव इथे फसला. तोवर बाकीच्या वसाहतींतही बोस्टनच्या दांडगाईवर नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आता सप्टेंबरात फिलाडेल्फियाला १२ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले. एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि लढाईला तोंड फुटलं. तरीही जुलैत त्यांनी राजाला समेटाचा अर्ज धाडला. राजानं तो स्वीकारला नाही. २३ ऑगस्टला, वसाहतींनी बंड केलं आहे, असा जाहीरनामा काढला. राजा झालेल्या मुलानं ती चिठ्ठी न उघडता परत केली, तेव्हा मात्र आमच्या रांगेत कोणी ओरडलं नाही.

१७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला वसाहतवाल्यांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणपुढे तो टिपूविरुद्ध उभा होता आणि बाजूला हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. सर तिसऱ्या रकान्यात हे लिहिताना मनापासून खूश दिसायचे. सहामाहीला ‘टीपा लिहा’मध्ये त्यांनी कॉर्नवॉलिसच घातला. खिडकीवाल्यांनी त्याची बंगालमधली शेतसाऱ्याची कायमधारा पद्धत लिहिली, आम्ही दारवाल्यांनी यॉर्कटाउन. दोन्ही लिहिलं ते फक्त महासागराच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी, आणि पैकीच्या पैकी मार्क त्यांनाच मिळाले.