तुम्ही विचारलंत म्हणून: मी माझ्या फोटोंच्या मोठ्या प्रिंट कुठून करून घेते

"विकायच्या मोठ्या प्रिंट कुठून करून घेता? लॅबचं नाव सांगा ना." इतक्या वेळा हा प्रश्न आलाय की आता एकदा सविस्तर उत्तर देते. मी नाव सांगायचं टाळते तेव्हा तुम्हाला वाटतं, मी काहीतरी लपवतेय. तसं नाही. पूर्वी विचारेल त्याला नाव सांगायचे. त्यातले कितीतरी जण परत येऊन म्हणाले, "तुमच्यासारखी नाही आली." कशी येईल? फाइल तुमची, मॉनिटर तुमचा, कागदही तुम्ही निवडलेला.

माझ्याकडे तळ्यावरच्या धुक्याचं एक कृष्णधवल चित्र आहे. जवळजवळ सगळं करड्या रंगातच. एका बाईंनी त्याची 20 बाय 30 इंची प्रिंट घेतली. रंगीत फोटोच्या सिल्व्हर हॅलाइड कागदावर, म्हणजे प्रकाशानं चित्र उमटवून रसायनांत धुतात त्या कागदावर काढलेली, सुरेख आली होती. या कागदावरचा करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळ्या अशा तीन रंगद्रव्यांच्या तोलातून तयार होतो. तोल जरा ढळला की झाक येते, आणि धुक्यात ती झाक लपायला जागा नसते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठ महिन्यांनी त्यांनी बहिणीसाठी तीच प्रिंट मागवली. फाइल तीच, लॅब तीच. म्हणून मी लॅबला ती परस्पर त्यांच्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं. मी स्वतः पाहिलीच नाही. त्यांनी दोन्ही प्रिंट भिंतीला टेकवून फोटो काढला आणि मला पाठवला. एकीतलं धुकं करडं, दुसरीतलं शेवाळी. खाली एकच ओळ होती: "ताई, यातली खरी कोणती?"

मी काय उत्तर दिलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी लिहिलं, "घरातल्या दिव्याच्या उजेडामुळे तसं दिसतं." उजेडानं प्रिंटचा रंग बदलतो, हे खोटं नाही. पण एकाच दिव्याखाली, एकाच जातीच्या कागदावरच्या दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्यावर इतक्या वेगळ्या दिसत असतील तर दोष दिव्याचा नाही. टाइप करतानाच मला ते कळत होतं. त्यांनी शांतपणे दुसरी प्रिंट परत पाठवली. मी ती खिडकीशी धरली. हिरवी झाक होती.

लॅबनं सांगितलं, "फाइल आली तशीच छापली." नंतर जुनी ऑर्डर उघडली तेव्हा दिसलं, त्यांच्या फॉर्मवर ऑटो करेक्शन (लॅबच्या यंत्रानं रंग आपोआप बदलणं) आधीच सुरू असतं आणि या खेपेला मी ते बंद केलं नव्हतं. मग दोष माझा, की त्या दिवशीच्या रसायनांचा? मला आजही ठरवता आलेलं नाही. बदल्यात मी दुसऱ्या लॅबमधून सुती कागदावर पिगमेंट शाईची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या इंकजेट शाईची, प्रिंट करून दिली. करडा अगदी नितळ आला, पण अशा मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या कागदावर काळा तितका खोल उतरत नाही, त्यामुळे जोडी जुळली नाहीच. त्यांनी ती ठेवून घेतली. पुन्हा काही मागवलं नाही.

त्याआधी मी छातीठोकपणे म्हणायचे, "फाइल चांगली असली की कुठलीही लॅब चालते." आणि त्याच तोंडानं 300 पीपीआयचा (इंचाला 300 पिक्सेल) हट्टही धरायचे. 24 मेगापिक्सेलची 6000 बाय 4000 ची फाइल 30 इंचांवर 200 पीपीआय देते, आणि भिंतीवरच्या चित्रापासून माणूस जितका लांब उभा राहतो तिथून ते पुरतं. मी मात्र आकड्यावरून लॅबशी वाद घालत बसले. कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) देता का, करेक्शन बंद करता का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता आधी पट्टी मागवते: मोठ्या प्रिंटमधलाच तुकडा, त्याच आकारमानात, त्याच कागदावर, गडद सावली आणि उजळ भाग दोन्ही येतील असा. मॉनिटरचा उजेड कमी ठेवते, नाहीतर प्रत्येक प्रिंट काळवंडलेली वाटते. पिगमेंट प्रिंट काचेमागे घालण्याआधी नीट सुकू देते, कारण शाईतली द्रावणं उडून काचेवर आतून धुरकट थर धरतो. एवढं करूनही प्रत्येक वेळी खात्री असतेच असं नाही.

आणि हो, रंगीत चित्रं मी अजूनही त्याच पहिल्या लॅबला देते. त्वचेचे रंग ते फार छान काढतात. हे ऐकून तुम्ही चकित होता, मला राग येतो, आणि मग वाटतं, तुमचं बरोबर असेलही.

एका नव्या चित्राच्या दोन पट्ट्या आज आल्यात, दोन लॅबमधून. एकीत सावल्या उघडल्यात, दुसरीत आभाळ नीट उतरलंय. दोन्ही खिडकीत लावून ठेवल्यात. संध्याकाळच्या उजेडात पुन्हा बघेन.