शिवसागरात बोटीचं ट्रिम बसवलं त्याचा माझा अनुभव

आमची बोट तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात चालते, १७ फुटी फायबरची, मागं ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावलेलं इंजिन. आधीचं इंजिन २५ एचपीचं होतं, ट्रिम म्हणजे इंजिन बोटीला किती तिरकं धरायचं ते, त्या इंजिनाला त्यासाठी नुसती ब्रॅकेटमधली पिन, एकदा भोकात घातली की सीझनभर कोण बघत नव्हतं. नव्या इंजिनाला थ्रॉटलच्या मुठीवरच अंगठ्याजवळ बटण आलं, वर दाबलं की इंजिनाचा पाय बोटीपासून बाहेर जातो, खाली दाबलं की आत येतो. बसवणाऱ्या फिटरनं एका जागी ठेवून दिलं आणि मी ते तसंच चालवत राहिलो.

रिकामी बोट झकास पळायची. पण दिवाळीच्या गर्दीत सात माणसं घेऊन त्रिवेणी संगमाकडं निघालो आणि वेग धरला की बोटीचं नाक वर, मग खाली आपट, परत वर परत आपट, थांबायचं नावच नाही. एक आजी होत्या, त्यांनी दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरलेलं, चेहरा पांढरा पडलेला. लगेच थ्रॉटल कमी केला आणि हळूहळू आणली, पण त्या आजींचा चेहरा काय डोळ्यापुढनं जाईना. फिटरला विचारलं तर म्हणाला इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) बदलावा लागेल. म्हणजे परत खर्च.

आमचे दाजी मालवणचे, बोटींतच आयुष्य गेलेलं. त्यांना फोन लावला.

"माणसं कुठं बसवतोस?"

"मागच्या बाकड्यावर चार, पुढं तीन. का ओ दाजी?"

"आणि ट्रिम?"

"फिटरनं ठेवलंय तिथंच."

"मग पंख्याला हात लावू नको. आधी मला सांग, बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं तर काय होतं?"

"उलाळ होते, पुढचं वर उचलतं."

"तेच होतंय तुझं."

मग त्यांनी नीट समजावलं. इंजिन बाहेर काढलं की पंख्याचा जोर बोटीचं बूड दाबतो आणि नाक उचलतो, आत घेतलं की बूड उचललं जातं आणि नाक दबतं. माझी माणसं मागं, इंजिन पण बाहेर, म्हणजे दोन्हीकडनं नाक वरच, मग ती तोल शोधत उड्या मारणार नाहीतर काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एकटाच निघालो, वारा सुटायच्या आधी पाणी आरशासारखं असतं तेव्हा. मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावला, किल स्विचची दोरी मनगटाला अडकवली, म्हणजे मी पाण्यात पडलो तर ती निघून इंजिन बंद होतं. ट्रिम पूर्ण आत घेऊन थ्रॉटल दिला तर नाक फार न उचलता बोट पटकन पाण्यावर आली, आधी कितीतरी वेळ नाक आभाळाकडं करून धडपडायची. थ्रॉटल ४५०० आरपीएमच्या आसपास ठेवला आणि हात हलवला नाही. स्पीड ३१, स्टिअरिंग जड आणि एका बाजूला ओढतंय, पाणी पार पुढनं उडतंय. मग बटणाला एकेक टिचकी द्यायची आणि चार-पाच सेकंद थांबायचं. पाणी उडायची जागा मागं मागं सरकायला लागली, स्टिअरिंग हलकं झालं, थ्रॉटल तेवढाच आणि स्पीड ३६. अजून दोन टिचक्या दिल्या तर नाक डुलायला लागलं, त्याच्या पुढं इंजिन एकदम ओरडलं, आरपीएम वर आणि स्पीड खाली, कारण पंखा पाण्याऐवजी हवा धरायला लागलेला. तिथनं परत आत आणलं, डुलणं थांबलं, तीच जागा.

पण ती जागा एकट्या माणसाची. संध्याकाळी चुलतभावांना घेऊन गेलो तर डुलणं लवकर सुरू झालं, दोन टिचक्या आत घेतल्या आणि दोघांना पुढं बसवलं, बोट शांत. तेव्हा कळलं की गेजवर, म्हणजे ट्रिम किती आत-बाहेर आहे ते दाखवणाऱ्या काट्यावर, खूण करून उपयोग नाही, दर फेरीला नव्यानं बघावं लागतं.

जोरात वळायच्या आधी पण थोडं आत घ्यायचं, नाहीतर वळणात पंखा हवा धरतो. दुपारी समोरनं लाटा आल्या की नाक जरा खाली, म्हणजे बोट लाट कापत जाते, आपटत नाही. पाठीमागनं लाट असेल तर उलटं, नाक थोडं वर, नाहीतर ते पुढच्या लाटेत घुसतं. एवढं करूनही स्टिअरिंग उजवीकडंच ओढत होतं, त्याला दाजींनी पंख्याच्या वरच्या प्लेटखालचं छोटं पातं दाखवायला लावलं, त्याचा बोल्ट ढिला करून मागची कड किंचित उजवीकडं फिरवली आणि ओढ गेली.

उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरलं की काठाला जुन्या शेतांचे बांध आणि झाडांची खोडं वर येतात, तिथं इंजिन अजून वर उचलावं लागतं, पण ते फक्त एकदम हळू चालवताना, आणि इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडतीये का ते बघतच. धार थांबली की थंड करणारं पाणी मिळत नाही, लगेच खाली घ्यायचं.

आता धाकट्या भावाला शिकवतोय. ट्रिमचा गेज चिकटपट्टीनं झाकून टाकलाय, त्याला म्हणलं हात स्टिअरिंगवर ठेव आणि हलकं झालं की मला सांग.