मुलाकडचा कॅमेरा, मुलीकडचा कॅमेरा

लग्नाच्या शूटिंगमधली सगळ्यात मोठी उधळपट्टी कोटेशनमध्ये दिसतच नाही. मुलीकडचे आपला शूटिंगवाला ठरवतात, मुलाकडचे आपला आणतात आणि मुहूर्ताला स्टेजसमोर चार कॅमेरे एकमेकांच्या पाठी टिपत उभे राहतात. पैसे दोन्ही घरांचे पूर्ण जातात. बैठकीत कार्यालय, जेवण, मानपान ठरतं तेव्हाच हेही बोलून घ्या: लग्नाच्या दिवशी टीम एकच, खर्च निम्मा-निम्मा, डेटाच्या दोन प्रती. हळद, पूजा ज्याची त्याने बघावी. अल्बम मात्र वेगळे करा. कोणाचे मामा किती पानांवर आले यावरून रुसवे नकोत.

एकत्र टीममध्ये खटका उडतो तो 'आमची माणसं आलीच नाहीत' यावरून. ज्या घराने टीम ठरवली, त्याच घरचे चेहरे कॅमेरामनला माहीत असतात. म्हणून दोन्हीकडची 15-15 जणांची यादी आदल्या दिवशी द्या आणि प्रत्येक घरातलं एकेक चुणचुणीत भावंड टीमसोबत ठेवा. आजी कुठे बसल्यात हे त्यालाच माहीत असतं.

आता कोटेशन. शूटिंगवाल्याचा हिशेब असतो किती माणसं, किती दिवस आणि वर मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग. नुसती घासाघीस केली तर तो आकडा खाली आणतो आणि अनुभवी माणसाच्या जागी शिकाऊ पोरगा पाठवतो. त्यापेक्षा काम कमी करा. क्रेन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग, टीझर हे सगळं आधी वेगळ्या ओळींत लिहून मागा, म्हणजे काय खोडलं तर किती वाचतं ते कळेल. ड्रोन तर बंद हॉलच्या लग्नात काही कामाचा नाही. लॉनवर हवाच असेल तर आधी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. विमानतळ किंवा लष्करी हद्द जवळ असेल तर परवानगीशिवाय उडवता येत नाही. तारीख आपल्या हातात असेल तर एकाच मुहूर्तावर गावभर लग्नं आहेत तो रविवार सोडून आठवड्यातला मुहूर्त धरा. त्या दिवशी चांगली माणसंही मोकळी असतात.

दुसरा कॅमेरा मात्र मुहूर्ताला कापू नका. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघं समोरासमोर. एकाच कॅमेऱ्यात एकाचा चेहरा येतो, दुसऱ्याची मुंडावळ्यांची गाठ. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण जेमतेम काही सेकंदांचा. तेवढ्यात अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते आणि हौशी मंडळी मोबाइल उंच करून मध्ये घुसतात. दोन्ही कॅमेरे स्टेजवर, दोन कोपऱ्यांत, खाली सरकायची वेळ येणार नाही असे उभे हवेत. गुरुजींना आणि करवल्यांना तेवढी जागा सोडायला आधीच सांगा. कन्यादान, सप्तपदी होईपर्यंत दोघं कॅमेरामन लागतात. जेवणाच्या पंगतींना एक पुरे. दुसऱ्याला अर्ध्या दिवसाच्या दराने ठरवता येतं का ते विचारा.

आवाजाकडे कोणी बघत नाही, आणि मग मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं टाकून वेळ मारून नेतात. कॅमेऱ्यावरचा माइक हॉलभरचा कलकलाट उचलतो. गुरुजींच्या उपरण्याला छोटा कॉलर माइक लावायला सांगा, किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरला थेट लाइन घ्या. खर्च नगण्य, फरक भरपूर.

प्रकाशाचंही तसंच. डेकोरेटरचे गुलाबी-निळे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे) विधींच्या वेळी बंद ठेवायला सांगा, रिसेप्शनला लावू द्या. निळ्या उजेडात हळदीचे चेहरे हिरवट दिसतात आणि ते मिक्सिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही.

हळद घरीच मोबाइलवर करा. फोन आडवा, ट्रायपॉडवर, एअरप्लेन मोडवर; झूम न करता चार पावलं पुढे जा. सेटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेम निवडा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने 30 फ्रेमवर ट्यूबलाइट आणि एलईडी लुकलुकू शकतात. आयफोनमध्ये त्यासाठी आधी 'पाल' (PAL) फॉरमॅट सुरू करावा लागतो. अमेरिकेतल्या नातलगांना लाइव्ह दाखवायचं तर दुसरा फोन, हॉलचं खात्रीचं इंटरनेट आणि यूट्यूबची अनलिस्टेड लिंक, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारी, एवढं लागतं; फोनवरून लाइव्ह करायला चॅनेलला किमान 50 सबस्क्रायबर हवेत. गाणी वाजली की कॉपीराइटमुळे लाइव्ह बंद पडू शकतं, म्हणून विधींपुरतंच दाखवा.

ॲडव्हान्स देण्याआधी कागद नीट वाचा. 'रॉ डेटाचे वेगळे पैसे' ही ओळ बऱ्याच ठिकाणी तळाशी बारीक अक्षरांत असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन करून घेतलेल्या फोटो-फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून कच्चं शूटिंग दरातच धरून घ्या आणि तसं लिहून घ्या. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तयार फिल्म किती मिनिटांची, किती दिवसांत, हेही त्यातच. तीन तासांची फिल्म कोणी बघत नाही; 40 मिनिटांची मागा, आणि विधींचं शूटिंग न कापता वेगळ्या फाइलमध्ये.

मेमरी कार्ड खराब होऊन लग्नाचं शूटिंगच गेलं, असं होतं. दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड होणारा कॅमेरा आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. सेकंदाला 100 मेगाबिटच्या फोरके (4K) शूटिंगला तासाला 45 जीबी लागतात. दोन कॅमेरे सहा तास चालले तर 540 जीबी. म्हणजे प्रत्येक घराने 1 टीबीची हार्डडिस्क स्वतः विकत घेऊन द्यायची. पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका: एफएटी 32 फॉरमॅटच्या पेनड्राइव्हमध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. 25-30 टक्के रक्कम हातात ठेवा. दोन्ही डिस्क घरच्या लॅपटॉपला लावून शेवटच्या फाइलपर्यंत उघडून बघितल्यावरच ती द्या.