पाडायला घाई, बांधायला मात्र नाही

शिकागोच्या सरकारी घरांबद्दल, म्हणजे गरीब कुटुंबांना कमी भाड्याने दिलेल्या घरांबद्दल, गेले काही दिवस वाचतेय आणि राग काही जात नाहीये. इमारती पाडल्या, माणसांना सांगितलं नवीन घरं झाली की परत या, आणि त्यातल्या बऱ्याच जागांवर पुढे वर्षानुवर्षं नुसतं गवत वाढलं.

रॉबर्ट टेलर होम्स घ्या. शहराच्या दक्षिण भागात, साउथ साइडला, स्टेट स्ट्रीटच्या कडेने १६-१६ मजल्यांच्या २८ इमारती, चार हजारांच्या वर घरं, १९६२ ला बांधून पूर्ण झाल्या आणि शेवटची २००७ मध्ये पाडली. कॅब्रिनी-ग्रीन या तशाच दुसऱ्या वसाहतीचा शेवटचा टॉवर २०११ ला गेला. इमारतींची अवस्था वाईट होती, हे तिथे राहणारेसुद्धा सांगायचे, लिफ्ट बंद, जिने अंधारे, टोळ्यांचा त्रास वेगळाच. पण वर्षानुवर्षं देखभाल करायची नाही आणि मग खराब झाली म्हणून पाडायची, यात भाडेकरूंचा काय दोष?

२००० साली शिकागो हाउसिंग अथॉरिटीने, म्हणजे ही घरं चालवणाऱ्या संस्थेने, 'प्लॅन फॉर ट्रान्सफॉर्मेशन' आणला. दहा वर्षांत २५,००० घरं नवी बांधू किंवा दुरुस्त करू म्हणाले आणि १ ऑक्टोबर १९९९ ला ज्यांचं लीज चालू होतं त्या कुटुंबांना परत यायचा हक्क दिला. कागदावर एकदम चांगलं. पण नीट बघितलं तर त्या हक्काला अटीच अटी, भाडं थकलेलं नको, लाइट-गॅसचं बिल थकलेलं नको, पोलिस रेकॉर्ड तपासणार, मिक्स्ड-इनकम, म्हणजे गरीब आणि चांगले कमावणारे एकत्र राहतात अशा, इमारतीत यायचं तर आठवड्याला ३० तास काम हवं, काही ठिकाणी तर ड्रग टेस्टसुद्धा, आणि हे सगळं अशा माणसाला जो मधल्या काळात भाड्याच्या मदतीचं सरकारी व्हाउचर घेऊन कुठल्या तरी लांबच्या वस्तीत राहतोय आणि अथॉरिटीने पाठवलेलं पत्र त्याच्यापर्यंत पोचेल की नाही याचीही खात्री नाही! त्यातून जे परत आले त्यांना आपल्याच घरासमोर बार्बेक्यूची शेगडी लावून चार माणसं जमवायची चोरी, कारण बाजूच्या फ्लॅटमालकांना ते आवडत नाही. याला परत येणं कसं म्हणायचं?

मुळात जेवढी पाडाल तेवढी बांधा हा नियमच अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कायमचा काढून टाकला. तो असता तर पाडायच्या आधी प्रत्येक शहराला दहादा विचार करावा लागला असता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते शिकागोतल्याच एबीएलए होम्स या सरकारी वसाहतीचं. तिथे वचन दिलेली बरीच घरं बाकी असताना २०२२ मध्ये सिटी कौन्सिलने अथॉरिटीने लीजवर देऊ केलेल्या वीसेक एकर जागेवर शिकागो फायर या फुटबॉल क्लबचं सराव केंद्र उभारायला मंजुरी दिली. बाजू अशी मांडली की क्लबकडून येणारे पैसे घरांच्या दुरुस्तीला वापरू. असतीलही वापरत. पण जागा एकदा गेली की गेली, आणि वेटिंग लिस्टवरच्या माणसाला तर छप्पर हवंय ना.

चांगलं काही होतच नाही असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेस्टर्न ॲडिशन आणि हंटर्स पॉइंट या वस्त्यांमधून १९६०-७० च्या काळात ज्यांना रिडेव्हलपमेंटसाठी उठवलं त्यांना प्राधान्याचं सर्टिफिकेट मिळालं होतं, म्हणजे परवडणाऱ्या घरांच्या लॉटरीत त्यांचा नंबर आधी. २०२१ च्या कायद्याने ते त्यांच्या मुला-नातवंडांनाही लागू झालं. त्याच शहरातल्या सरकारी घरं नव्याने बांधायच्या 'होप एसएफ' योजनेत टप्प्याटप्प्याने काम करायचं ठरवलं, आधी नवीन इमारत, मग जुन्यातले लोक त्यात हलवायचे, मग जुनी पाडायची. मला तर वाटतं सगळी गोम या क्रमात आहे, कारण माणूस एकदा तिथून हलला की मुलांची शाळा बदलते, कामाची जागा बदलते, म्हातारी माणसं तर वाट बघता बघता जातात, आणि मग दहा वर्षांनी तुम्ही किल्ली घेऊन उभे राहिलात तरी घ्यायला येणार कोण?

अर्थात नुसत्या सर्टिफिकेटने भागत नाही. लॉटरीत नंबर लागला आणि भाडं झेपत नसेल तर त्या कागदाचं करायचं काय? भाडं कुटुंबाच्या कमाईच्या प्रमाणातच हवं, साधारण ३० टक्के, जसं सरकारी घरात असतं. सरसकट अमुक इतकं 'परवडणारं' भाडं ठरवून ज्यांना उठवलं त्यांना ते परवडतं असं अजिबात नाही.

आणि मुलांचं काय? शिकागोत हक्क लीजवरच्या कुटुंबाला मिळाला. १९९९ ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज पस्तिशीच्या पुढे गेलंय, त्याचं स्वतःचं कुटुंब आहे, त्याच्या नावावर मात्र काहीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोला जमलं ते शिकागोला का जमू नये? जी जागा अजून अथॉरिटीच्या ताब्यात आहे ती क्लबला, दुकानाला, बिल्डरला कोणालाही द्यायच्या आधी या मुलांची यादी करा आणि त्यांना विचारा, परत यायचंय का.