सालीचं टेक्स्चर कापडावर: मला अडवलं ते रिपीटने

कापडछपाईवाल्यांकडून झाडाच्या सालीच्या डिझाइनची माझी फाइल परत आली, सोबत एवढंच लिहिलेलं: ‘पट्टा दिसतोय, सुधारून पाठवा.’ आडवा की उभा, एवढं जरी लिहिलं असतं तरी निम्मं काम वाचलं असतं, कारण दोन्हींची कारणं वेगळी. त्याचा राग अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

झाडाच्या सालीचा फोटो घेणं, रंग पाच-सहावर आणणं, यात फारसं अडत नाही. रिपीटची, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या तुकड्याची, उंची मात्र आधीच ठरवा. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे फिरत फिरत कापडावर छापणाऱ्या जाळीदार नळकांड्याचा, घेर बहुतेक ठिकाणी ६४ सेंमी असतो. त्यामुळे घेरात पूर्ण वेळा बसेल असंच माप चालतं, जसं ६४, ३२ किंवा १६ सेंमी.

कडा जुळवणं सोपं. फोटोशॉपच्या ऑफसेट फिल्टरने, रॅप अराउंड (एका कडेने बाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो तो पर्याय) चालू ठेवून, चित्र अर्धी रुंदी आणि अर्धी उंची सरकवलं की जोड मधोमध येतो. तो क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून त्यावर उमटवत, बुजवायचा. पण कडा तंतोतंत जुळल्या तरी पट्टा राहू शकतो, कारण तो जोडाचा नसतोच.

उभा पट्टा उजेडाचा. खोड गोल, म्हणून फोटोत मधला भाग उजळ आणि बाजू काळपट येतात. अशी चित्रं शेजारी शेजारी लागली की पट्टे पडणारच. हाय पास फिल्टरने उजेड सपाट करा, आणि तोही कडा जुळवण्याआधी. नंतर केला तर जुळलेल्या कडा बिघडतात.

आडवा पट्टा गाठीचा. एखादी गाठ बाकी सालीपेक्षा गडद असली की डोळा तिच्यावरच जातो, आणि ती कापडभर एका रांगेत दिसते. ती पुसू नका, सालीचा जीव तिच्यातच असतो. तिच्या तोलाच्या आणखी दोन-तीन गाठी वेगवेगळ्या उंचीवर, थोड्या फिरवून बसवा. मग हाफ ड्रॉप करा, म्हणजे शेजारचा उभा रकाना अर्ध्या उंचीने खाली. नुसत्या हाफ ड्रॉपवर भिस्त नको. गाठ एकटी असेल तर आडवी रांग जाऊन तिरकी येते.

झूम करून यातलं काही कळत नाही. तीन बाय तीन रिपीट लहान करून छापा, भिंतीवर लावा आणि लांबून डोळे किलकिले करून बघा.

आणि हो, फोटो ढगाळ दिवशी, कॅमेरा सालीला समांतर धरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. त्याहून बरं म्हणजे पातळ कागद सालीवर ताणून मेणाच्या खडूने ठसा घ्यायचा. त्यात सावलीच येत नाही. दोन भेगांमधली जागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती रुंद करून घ्या, नाहीतर सुती कापडावर रंग पसरून ती बुजते.