नार्वातला ९ मे

मी पोटापाण्यासाठी रशियन बोलते. पुण्यात शिकले, आणि बरीच वर्षं मॉस्को-पीटर्सबर्गच्या सहलींबरोबर टूर मॅनेजर कम दुभाषी म्हणून जात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि ते काम एका आठवड्यात बसलं. वर्षभरानं कंपनीतून फोन आला. "मॅडम, बाल्टिकच्या टूर सुरू करतोय. तिकडे सगळ्यांना रशियन येतं म्हणे."

येतं, हे खरं. पण एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, पहिल्याच दिवशी एका दुकानात मी रशियनमध्ये भाव विचारला तर काउंटरवरच्या मुलीनं इंग्रजीत उत्तर दिलं, तेही माझ्याकडे न बघता. तेव्हापासून मी आधी इंग्रजीत सुरुवात करायची आणि समोरचा रशियनवर आला तरच जिभेला मोकळं सोडायचं, असं ठरवून टाकलं.

९ मे २०२३, मंगळवार. एकोणीस जणांचा ग्रुप घेऊन आम्ही टॅलिनहून रशियाच्या सरहद्दीवरच्या नार्वाला निघालो. दोनशेदहा किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. ग्रुपमध्ये दुर्गवेडी मंडळी होती आणि नार्वात नदी हीच सरहद्द, अलीकडे एक किल्ला, पलीकडे रशियात दुसरा, म्हणून हा दिवस कार्यक्रमात घातलेला. ९ मे म्हणजे काय, हे मुंबईच्या ऑफिसला ठाऊक नव्हतं. मला होतं. रशियात हा विजयदिन, हिटलरचा पाडाव केल्याचा. एस्टोनियात अधिकृतपणे युरोप दिन. मी मुद्दामच बोलले नाही. बघायला मिळेल काहीतरी, असा माझा स्वार्थ.

गाईड पन्नाशीची, तार्तूची एस्टोनियन बाई. बोलायची इंग्रजीत, मी मराठीत सांगायची. ड्रायव्हर साठीचा, नार्वात जन्मलेला रशियन, इंग्रजी शून्य. दोघं तीन वर्षं एकत्र काम करत होते आणि हवा, पार्किंग आणि जेवणाच्या वेळा यापलीकडे त्यांचं बोलणं मी कधी ऐकलं नाही. गाईडला शाळेत रशियन सक्तीची होती, त्यामुळे तिला त्याचं सगळं कळायचं. त्याला मात्र तिचं इंग्रजी कळत नसे, आणि एस्टोनियनही तो कामापुरतीच बोलायचा.

बसमध्ये गाईडनं इतिहास सांगितला. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिननं गुप्तपणे पूर्व युरोप वाटून घेतला. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी देशाचा ताबा घेतला, १९४१ मध्ये जर्मनांनी, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएतांनी. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत वीस हजारांहून जास्त माणसं गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियात पाठवली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यात तिची आजी होती आणि कडेवर तिची आई. हे तिनं आवाज न चढवता सांगितलं, बस किती वाजता थांबणार हे सांगावं तसं. मी शब्दाला शब्द दिला. 'ताबा' म्हणाली तिथे 'ताबा'.

मागच्या सीटवर लालबागचे एक काका होते. निवृत्त गिरणी कामगार, लाल बावट्याचे, ८२ च्या संपानंतर घरी बसलेले. मुलगा दुबईत, त्यानं पाठवलेलं. तरुणपणी पेडर रोडच्या सोव्हिएत केंद्रात दोन वर्षं रशियन शिकलेले. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्यांना घालणारी ती पिढी. काका मध्येच म्हणाले, "ताई, या बाईंना विचारा, हिटलरला कोणी हरवलं?" मी विचारलं नाही. म्हटलं, काका, वेळ कमी आहे.

नार्वात आधी क्रेनहोल्म बघितली, बाहेरूनच. १८५७ साली उभी राहिलेली ही कापडगिरणी. भरात होती तेव्हा दहा हजारांवर कामगार. १८७२ मध्ये इथे झालेला संप रशियन साम्राज्यातल्या पहिल्या मोठ्या संपांपैकी एक. २०१० मध्ये दिवाळं निघालं. लाल विटांच्या भिंती, फुटक्या तावदानांच्या रांगा. काका कुंपणाशी गेले आणि बराच वेळ उभे राहिले. ड्रायव्हरही बाजूला येऊन उभा राहिला. "माझी आई इथे होती," तो म्हणाला. पन्नासच्या दशकात रशियातल्या प्स्कोवकडच्या खेड्यातून आलेली. काकांनी त्याला विचारलं, एका बाईला किती माग? मी मध्ये होते, पण हा संवाद माझ्याशिवायही झाला असता. दोघंही हातांनी माग दाखवत होते.

इथलं गाव मुळात या लोकांचं नव्हतं, हे गाईडचं म्हणणं. तेही खरंच आहे. मार्च १९४४ मध्ये सोव्हिएत विमानांनी जुनं नार्वा भुईसपाट केलं. त्या बॉम्बफेकीआधीच गाव सोडावं लागलेल्या एस्टोनियन रहिवाशांना नंतर परत येऊ दिलं नाही आणि गिरणीसाठी, कारखान्यांसाठी रशियातून माणसं आणली. आज गावात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास लोक रशियन बोलतात. ड्रायव्हरकडे राखाडी पासपोर्ट आहे. 'नागरिकत्व अनिश्चित', असं त्याचं सरकारी नाव. १९९२ मध्ये एस्टोनियानं नागरिकत्व दिलं ते १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना, बाकीच्यांनी भाषेची परीक्षा द्यायची. "इथेच जन्मलो, इथेच टॅक्स भरतो, मी कसली परीक्षा देऊ?" असं तो मला सकाळी म्हणाला होता. गाईड खिडकीबाहेर बघत राहिली आणि नंतर पेट्रोल पंपावर कॉफी घेताना एवढंच बोलली, "तीस वर्षं होती त्याच्याकडे."

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.

नदीकाठी पोचलो तर जत्रा भरल्यासारखी गर्दी. नदी अरुंद. पलीकडे इव्हानगोरोदचा किल्ला, तिसऱ्या इव्हाननं १४९२ मध्ये बांधलेला, आणि त्याच्या पायथ्याशी रशियानं मुद्दाम नार्वाकडे तोंड करून उभा केलेला मोठा पडदा, स्टेज आणि भोंगे. मॉस्कोची परेड, मग गाणी. अलीकडे नार्वाच्या किल्ल्याच्या भिंतीवर तिथल्या संग्रहालयानं लावलेलं अवाढव्य पोस्टर: पुतिनचा रक्ताळलेला चेहरा आणि इंग्रजीत 'युद्ध गुन्हेगार'. तेही मुद्दाम पलीकडच्यांना दिसेल असं. दोन किल्ले पाच शतकं एकमेकांकडे बघतायत. आता एकाच्या हातात भोंगा, दुसऱ्याच्या हातात फलक. आमच्या मंडळींच्या मोबाइलवर एकापाठोपाठ एक रशियातल्या नेटवर्कचे संदेश आले आणि रोमिंगचं बिल किती येणार यावर जी चर्चा पेटली, ती इतिहासावरच्या चर्चेपेक्षा जोरदार होती.

तेवढ्यात मला काका दिसले. जाकिटाच्या छातीवर नारिंगी-काळ्या पट्ट्यांची फीत लावून उभे.

२०१० मध्ये ते मॉस्कोला गेले होते, तेव्हा रस्त्यात वाटत होते ती. तेव्हा ती युद्धात गेलेल्यांची आठवण होती. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतला, दोनबासमध्ये लढाई पेटली, आणि तिचा अर्थच बदलला, आणि २०२२ च्या वसंतात एस्टोनियानं ती जाहीरपणे लावायला बंदी घातली, दंड ठेवला. हे मला माहीत होतं. ग्रुपला सांगायला हवं होतं. मुंबईहून येणाऱ्या कोणाच्या बॅगेत ती असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी पोचेपर्यंत दोन पोलीस पोचले होते. कोवळी पोरं. त्यातला एक काकांशी रशियनमध्ये बोलत होता, सौम्यपणे, आणि काका तोडक्यामोडक्या रशियनमध्ये उत्तर देत होते. मला बघून सुटल्यासारखे म्हणाले, "ताई, यांना सांगा. दोन कोटी सत्तर लाख माणसं गेली सोव्हिएतची. त्यांच्यासाठी लावलीये. पुतिनसाठी नाही. मी का काढू?"

मी पोलिसाला सांगितलं, "वयस्कर आहेत. नियम माहीत नव्हता. आत्ता काढतात."

पोलीस म्हणाला, "खिशात ठेवली तर चालेल."

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी फीत काढली, घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मीच गर्दीत तोंड लपवलं. त्यांचं रशियन मोडकं होतं, पण तेवढं कळण्याइतकं नक्कीच होतं.

ड्रायव्हर कठड्यापाशी फोनवर बोलत होता. त्याची बहीण पलीकडे राहते. लग्न होऊन गेली तेव्हा ती नदी म्हणजे नुसती नदी होती, दोन्ही काठ एकाच देशात. "निळी टोपी," तो फोनमध्ये सांगत होता. "दिव्याच्या खांबाजवळ. दिसलो?" हात वर करून हलवत होता. पलीकडच्या गर्दीतही बरेच हात हलत होते. त्याला त्यातला बहिणीचा दिसला की नाही, कोण जाणे. फोन ठेवल्यावर त्यानं आमच्याकडे वळून, कोणी न विचारता, गावाची गोष्ट सांगायला घेतली. चारपाच जण जमले, मी मराठी करत गेले. "जुलै १९४४ मध्ये आमच्या सैन्यानं हे गाव सोडवलं," तो म्हणाला. ओस्वबदीली. मी म्हटलं, "जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य इथे आलं."

गाईड दोन पावलांवर उभी होती, आणि तिच्यासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. कडेवरची आई डोळ्यांसमोर होती. शिवाय मला स्वतःला तो शब्द खोटा वाटतो. ज्या सैन्यानं सोडवलं, ते पुढे पन्नास वर्षं गेलंच नाही. तरीही.

परतीच्या वाटेवर काका पुढे येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, मला अर्धी दिली. मग म्हणाले, "बाईंचा 'ताबा' तुम्ही जसाच्या तसा दिलात. ह्याचं 'सोडवलं' तेवढं 'आलं' झालं."

मी म्हटलं, काका, सगळं शब्दशः सांगितलं तर भांडणं होतात.

"होऊ देत की. भांडण त्यांचं आहे. तुम्ही का मिटवताय?"

मला आजी आठवली. आम्ही जिंतूरकडचे. आजी १९४८ ला 'पोलीस ॲक्शनचं साल' म्हणायची. शाळेत गुरुजी 'मुक्तिसंग्राम' शिकवायचे. आणि गल्लीच्या टोकाला राहणारे चाचा त्या सालाचं नावच घ्यायचे नाहीत. तिघांच्या घरचं पाणी मी प्यायलेली, आणि कोणाकडे कोणता शब्द वापरायचा नाही हे मला सातव्या वर्षीच कळत होतं. बहुधा दुभाषी मी तिथेच झाले. पण हे काकांना सांगितलं नाही. दशमी खाल्ली.

टॅलिन जवळ आलं तेव्हा बसमध्ये सगळे झोपले होते. ड्रायव्हरनं रेडिओ लावला, रशियन स्टेशन. गाईडनं काही न बोलता हात लांबवून आवाज कमी केला. त्यानं बंद केला नाही, तिनंही करायला सांगितला नाही. उद्या किती वाजता निघायचं, असं तिनं विचारलं. रशियनमध्ये. साडेआठ, तो म्हणाला. एस्टोनियनमध्ये.

लिथुआनियात, विल्निअसला, शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. काकांनी हॉटेलला पाचपैकी चार दिले होते, जेवणाला तीन. टूर मॅनेजरच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: "स्वभाव चांगला. वेळेच्या पक्क्या. शब्द गाळतात."